सोळा सेल आणि सहावा मजला

सोळा सेल एका पेटीत बसवायला उस्ताज नझीहना एक दिवस लागला. ते भरत का नाहीत, हे शोधण्यात मात्र जवळजवळ अर्धा रमजान गेला.

पेटी गच्चीवर होती, जिन्याच्या खोलीत. जाड शब्दकोशाएवढे सोळा सेल, त्यांना जोडणाऱ्या तांब्याच्या पट्ट्या, आणि वर प्रत्येक सेलवर नजर ठेवणारी सर्किटची हिरवी पाटी. एखाद्या सेलनं जरा आगाऊपणा केला की ही पाटी सगळ्यांचंच जेवण, म्हणजे चार्जिंग, बंद करते. उस्ताजांनी चौतीस वर्षं शाळेत भूमिती शिकवली होती. एका पोरानं दंगा केला की सगळ्या वर्गाला शिक्षा, हा नियम त्यांना ताबडतोब पटला.

हे सगळं लिफ्टसाठी होतं, आणि लिफ्ट त्यांच्या आईसाठी. त्यांच्या इमारतीचं नाव नूर, म्हणजे प्रकाश. नावातच काय तो उजेड. सगळ्या लेबनॉनसारखी त्रिपोलीतही सरकारी वीज पाहुण्यासारखी यायची आणि पाणी पिण्याआधीच उठायची. जनरेटरच्या विजेवर लिफ्ट चालवणं इमारतीच्या कमिटीनं कधीच सोडून दिलं होतं. त्यामुळे सहाव्या मजल्यावर राहणारी ही आई, हाज्जे बदरिये, वय त्र्याऐंशी, दोन्ही गुडघे निवृत्त, गेली दोन वर्षं खाली उतरली नव्हती. ईदच्या सकाळी हिरव्या मेंदीच्या डहाळ्या घेऊन कबरीवर जायची इथली रीत. दोन वर्षांत चार ईदा झाल्या आणि हाज्जेचा नवरा चारही वेळा बायकोशिवाय राहिला.

"यम्मा, खुर्चीत बसवून नेतो की तुला," उस्ताज एकदा आईला म्हणाले होते. "चार जण उचलतील."

"चार जणांनी उचलून मला एकदाच न्यायचं आहे," हाज्जे म्हणाली. "तेव्हा मी कटकट करणार नाही. आत्ता करीन."

उस्ताजांनी तिथल्या तिथे शब्द दिला की या ईदला तू लिफ्टनं खाली येशील. इथवर ठीक होतं. पण भल्या माणसानं तोच शब्द रस्त्यावर उभं राहून अबू दीबलाही ऐकवला.

अबू दीब हा गल्लीचा जनरेटरवाला. त्याच्या जाड काळ्या वायरी घराघरांत शिरलेल्या आणि वीज तो अँपिअरच्या मापानं विकायचा, त्यामुळे गल्लीत माणसाची किंमत अँपिअरवर ठरायची. अमका दहाचा, तमका पाचाचा. मुलगी बघायला आलेले लोकसुद्धा चहा प्यायच्या आधी खटक्यांच्या पेटीकडे बघून घेत. उस्ताज बारा वर्षं पाचाचे होते. पाचाचा माणूस इस्त्री लावताना फ्रीज बंद करतो आणि फ्रीज लावताना बायकोला विचारतो. अशा माणसानं भर रस्त्यात सांगितलं, "अबू दीब, सूर्य कुणाच्या बापाचा नाही. ईदला माझी आई लिफ्टनं उतरणार, आणि तुझ्या धुराशिवाय!"

अबू दीबनं सिगारेट तोंडाच्या दुसऱ्या कोपऱ्यात सरकवली. "इन्शाल्ला, उस्ताज," एवढंच म्हणाला. पण ज्या सुरात म्हणाला तो उस्ताजांच्या काळजात रुतून बसला.

पुढे परवानगीचं रामायण झालं. कमिटीच्या अध्यक्षांना बाराही घरमालकांची 'हरकत नाही' अशी सही हवी होती. एक मालक सिडनीत, तर एक अल्लाच्या घरी. त्या दुसऱ्याचे पाच वारस एकमेकांचं तोंड पाहत नसत. उस्ताजांनी त्या पाचांना पाच वेगवेगळ्या वेळी बोलावलं आणि प्रत्येकाला सांगितलं की बाकीच्या चौघांचा विरोध आहे. पाचही सह्या दोन दिवसांत मिळाल्या. मग एका कचेरीत शिक्क्याचा कागद छापून घ्यायचा होता, पण वीज नसल्यामुळे प्रिंटर बंद. "वीज आली की या," कारकून म्हणाला. "ती आणण्यासाठीच कागद पाहिजे," उस्ताज म्हणाले. कारकुनानं त्यांच्याकडे असं पाहिलं की जणू त्यांनीच वीज खिशात घालून ठेवली आहे. सहा खेपांनंतर कागद मिळाला.

तर, रमजानच्या पंधराव्या दिवशी सगळं जोडून झालं. गच्चीवर दहा सौर पट्ट्या, त्यांच्याखाली इन्व्हर्टर, त्याला जोडलेली बॅटरीची पेटी. ऊन कडक होतं. इन्व्हर्टरच्या काचेवर बॅटरीत शिरणाऱ्या करंटचा आकडा उमटला: पाच.

उस्ताजांनी वाट पाहिली. पाच. दुपारची नमाज पढून आले. पाच. संध्याकाळपर्यंत पाचाचा सहा झाला नाही. त्या पाचातून दिवसभर जेवढं जमे, तेवढं इन्व्हर्टर स्वतःच रात्रभर बसून खाई. सकाळी बॅटरी पुन्हा जिथल्या तिथे. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते हेच. तिसऱ्या दिवशी लिफ्ट चालवून पाहिली तर ती तळमजल्यावरून निघाली, दुसऱ्या मजल्याच्या किंचित वर जाऊन हुंकार देऊन थांबली. आत तळमजल्यावरचा शिंपी, मुअल्लिम (म्हणजे कसबी कारागीर) खोदर होता. त्याला माळ्यावरून मांजर उतरवावं तसं उतरवलं.

"सेल बोगस आहेत," पाय जमिनीला लागताच खोदर म्हणाला. "मी हातात धरून कापडाचा मीटर सांगतो, मला शिकवू नका. हलके लागतात."

"तू सेल हातात कधी धरलास?"

"धरायची काय गरज? दिसतंच आहे!"

खोदर उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांतला खरा, पण निदान एकाच शेळीला हाकायचा. चौथ्या मजल्यावरच्या मदाम ओदेतचं तसं नव्हतं. ती रोज नवा सल्ला घेऊन गच्चीवर यायची. ती ख्रिस्ती, तिला रोजा नव्हता, पण रोजेदारांसमोर कॉफी पिणं बरं दिसत नाही म्हणून बिचारी पाण्याच्या टाकीमागे जाऊन प्यायची. वास मात्र सगळ्या गच्चीला वाटायची.

"उस्ताज, पट्ट्या धुवा. धूळ बसली की सूर्य आत शिरत नाही," टाकीमागून आवाज यायचा.

पट्ट्या धुतल्या. पाच. मदाम म्हणाली, दक्षिणेकडे वळवा. वळवल्या. पाच. मदाम म्हणाली, माझ्या भाच्याकडे वायर बारीक होती. जाड वायर आणली, ती वाकवता वाकवता उस्ताजांच्या अंगठ्याची सालटं निघाली. पाच. मदाम म्हणाली, बॅटरीला उकडत असेल. हियामनं, म्हणजे उस्ताजांच्या बायकोनं, स्वयंपाकघरातला पंखा वर पाठवला आणि स्वतः घाम पुसत मसूर शिजवले. तरी पाच.

"त्या पंख्याची हवा आता मला तरी लागू दे," चौथ्या दिवशी हियाम म्हणाली. "बॅटरीला जिवंत माणसाइतकं उकडत नाही, नझीह."

"तू धीर सोडू नकोस."

"मी धीर नाही, पंखा मागते आहे!"

तहानेनं जीभ टाळूला चिकटलेली, डोक्यावर ऊन, खाली गल्लीत अबू दीबच्या जनरेटरचा घुरघुराट. दुसरा कोणी असता तर खुर्ची आणि चार माणसं शोधली असती. पण चौतीस वर्षं ज्यांनी मुलांना 'सिद्धता पूर्ण केल्याशिवाय खाली बसू नको' असं सांगितलं, ते स्वतः कसे बसणार? उस्ताजांनी मीटर घेतला आणि एकेक सेल मोजला. सोळाच्या सोळा सारखे, एका आईची लेकरं. म्हणजे सेल चांगले होते. इथे शहाणा माणूस थांबला असता. पण उस्ताजांना वाटलं, वरून सारखे दिसतात, आत काही असेल. आणि त्यांनी पेटी उघडून तांब्याच्या सगळ्या पट्ट्या सोडवल्या, घासल्या, पुन्हा लावल्या. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याला.

दुसऱ्या दिवशी काचेवर पाच नव्हते. शून्य होतं.

"बरं झालं, काहीतरी बदललं," खोदर म्हणाला. उस्ताज त्याच्याशी संध्याकाळपर्यंत बोलले नाहीत.

पण आता ते खरोखर चिडले होते, आणि चिडलेला मास्तर वर्गाला भारी पडतो. ते पेटीसमोर मांडी घालून बसले. चार्जिंग सुरू होताच हिरवी पाटी क्षणभर वाट बघे आणि तोडून टाके. त्या क्षणभरात त्यांनी एकेक सेल मोजायला घेतला. एका क्षणात एक सेल. नववा आला आणि मीटरनं उडी मारली: बाकीचे सव्वातीन व्होल्टवर, हा पठ्ठ्या पावणेचारवर. पाटीनं तोडलं की लगेच हाही सव्वातीनवर, बाकीच्यांच्या रांगेत, साळसूद.

"खरंच पोट भरलेला माणूस एका क्षणात उपाशी होतो का?" उस्ताजांनी हवेला विचारलं.

"नाही होत," टाकीमागून मदाम ओदेत म्हणाली.

"मग याचं पोट भरलेलं नाही. याच्या दारात कुणीतरी अडवतंय!"

खरंच होतं. नवव्या सेलवरच्या पट्टीचा नट घट्ट करायला ते स्वतःच विसरले होते. सैल जोडावर करंट अडायचा, तिथं व्होल्टेज फुगायचं, आणि पाटी समजायची की सेल तुडुंब भरला. उस्ताजांनी नट आवळला. आवळताना बिस्मिल्ला म्हटलं, आवळून झाल्यावर अल्हम्दुलिल्ला म्हटलं. काचेवर आकडा उमटला.

"पाच!" उस्ताज ओरडले.

"पाच!" मदाम ओदेत टाकीमागून कपासकट धावत आली. खोदर सहा मजले चढून आला आणि त्यानं टाळ्या वाजवल्या. तिघं एकमेकांचे हात हातात घेऊन उभे राहिले. मग हळूहळू तिघांच्याही लक्षात आलं की पाच हाच तर मूळ आजार होता. टाळ्या थांबल्या. खोदर म्हणाला, माझ्याकडे एक पँट अर्धी शिवून पडली आहे, आणि निघून गेला.

तो रमजानचा अठ्ठाविसावा दिवस होता. आता इथे चंद्राचं राजकारण आलं. एकोणतिसाव्या संध्याकाळी कोर दिसली तर दुसऱ्या दिवशी ईद. नाही दिसली तर आणखी एक रोजा. सगळं शहर, मुलं, दुकानदार, सिगारेटवाले, एकोणतिसाव्यालाच चंद्र मागत होते. एकटे उस्ताज नझीह गच्चीवर हात पसरून तिसाव्या दिवसाची दुआ करत होते. आणखी एक ऊन! हे हियामनं ऐकलं आणि कुणाला सांगू नकोस असं स्वतःलाच बजावलं, कारण गल्लीला कळलं असतं तर नवऱ्याचं काही खरं नव्हतं.

एकोणतिसाव्या दुपारी उस्ताज खाली जेमतेम पाठ टेकायला आले. आई गॅलरीत होती.

"झालं का रे?"

"होतंय, यम्मा."

"'होतंय' म्हणजे नाही. तुझ्या अब्बांना मी सांगितलं आहे, या ईदला येते म्हणून. मनात सांगितलं, पण त्यांना ऐकू जातं. मेलेल्या माणसाला फसवायचं नाही, नझीह."

उस्ताज उठले. ते तोंड धुवायला गेले आणि नळ तसाच सुरू ठेवून उभे राहिले. तेवढ्यात गॅलरीतून आईचा आवाज ऐकू आला. गुडघे गेले होते, पण हाज्जेचा गळा शाबूत होता.

"अबू दीब! ए अबू दीब! वर ये!"

"यम्मा!" उस्ताज ओल्या तोंडानं धावले. "त्याला कशाला? माझं नाक कापतेस का?"

"तुझं नाक मी नऊ महिने पोटात ठेवून घडवलं आहे. कापायचं की ठेवायचं ते मी बघीन. या गल्लीत विजेचं कुणाला कळतं? त्याला. मग त्याला विचारायचं नाही तर काय त्या शिंप्याला?"

अबू दीब आला. सहा मजले आणि वर गच्ची. अंगानं थोराड, त्यात रोज्यामुळे पहाटेपासून सिगारेट नाही. चौथ्या मजल्यावर तो बसला, मदाम ओदेतनं त्याला खुर्ची दिली. गच्चीवर पोचला तेव्हा त्याला बोलवत नव्हतं, आणि उस्ताजांना ते बरंच वाटलं.

दम खाऊन अबू दीबनं पट्ट्या पाहिल्या, वायर पाहिली, पेटीतला नववा नट बोटानं दाबून पाहिला. "जोडणी एक नंबर आहे," तो म्हणाला. उस्ताजांना ही स्तुती ऐकून राग आला, म्हणजे किती राग साठला होता बघा. मग अबू दीब इन्व्हर्टरसमोर उकिडवा बसला आणि एकेक बटण दाबत सेटिंगची पानं उलटू लागला. एका पानावर थांबला. त्याचे खांदे हलायला लागले.

"उस्ताज," तो म्हणाला, "बॅटरीत जास्तीत जास्त किती करंट जाऊ द्यायचा, असं यानं पहिल्या दिवशी विचारलं होतं का?"

"विचारलं होतं."

"आणि तुम्ही काय सांगितलंत?"

उस्ताजांना आठवलं. पहिल्या दिवशी काचेवर प्रश्न आला होता: किती अँपिअर? आणि बारा वर्षं हा प्रश्न ऐकलेल्या माणसाच्या बोटानं डोक्याला न विचारता उत्तर देऊन टाकलं होतं. या शहरात किती अँपिअर असं विचारलं की दुसरं काही सुचतच नाही. सहा म्हटलं तर खटका पडतो!

"पाच," उस्ताज हळूच म्हणाले.

"यानं तुमचं ऐकलं, उस्ताज! पंधरा दिवस इमानदारीनं ऐकतोय बिचारा. माझे पाच दोनशेवीस व्होल्टचे, त्यात घर चालतं. हे पाच पन्नास व्होल्टचे, यात उंदराचं बीळसुद्धा उजळणार नाही." आणि तो मोठ्यानं हसला. खाली गल्लीपर्यंत ऐकू गेलं असेल.

काखेत कळसा आणि गावाला वळसा! पट्ट्या धुतल्या, वळवल्या, अंगठा सोलला, बायकोचा पंखा पळवला, आणि चोर कोण, तर स्वतःचंच बोट. उस्ताजांना वाटलं, गच्चीच्या कठड्यावरून उडी मारावी. पण आईला खाली न्यायचं होतं.

"हसून झालं असेल तर पन्नास कर," ते म्हणाले.

अबू दीबनं पन्नास केले. काचेवर पाचाचे बारा झाले, बाराचे सत्तावीस, मग एकेचाळीस. ऊन उतरणीला होतं, तरी एकेचाळीस! उस्ताजांनी अबू दीबच्या दोन्ही गालांवर मुके घेतले. "शुक्रन", म्हणजे धन्यवाद, म्हणायला गेले, पण ते तोंडातून निघेना, म्हणून तिसरा मुका घेतला.

त्यांना आणखी एक ऊन मिळालं असतं तर प्रश्नच नव्हता. पण मावळतीला तोफ वाजली, चंद्र दिसला होता, उद्या ईद. बॅटरी अडतीस टक्के. आणि लिफ्ट सुरू झाली, ही बातमी तोफेपेक्षा लवकर पसरली. मामूलच्या, म्हणजे खजूर भरलेल्या ईदच्या बिस्किटांच्या, परातींनी भरलेली लिफ्ट बेकरीच्या भट्टीसाठी खाली गेली, तीच भाजलेल्या मामूलसकट वर आली. गॅसच्या टाक्या वर गेल्या. कमिटीचे अध्यक्ष, राहायला पहिल्या मजल्यावर, 'तपासणी'साठी तीनदा सहाव्यापर्यंत आले. मुलांचं तर विचारूच नका. उस्ताज धावत गच्चीवर गेले तेव्हा काचेवर अकरा टक्के होते. त्यांनी लिफ्टचं बटण बंद केलं, दारासमोर खुर्ची टाकली, आणि भूमितीच्या तासाला यायचा तो आवाज काढला: "उद्या सकाळपर्यंत जो हात लावेल त्याला मी नापास करीन!" गंमत म्हणजे चाळिशीतले दोघं जणही मागे सरकले. त्यांचे जुने विद्यार्थी होते.

ईदच्या सकाळी हाज्जे बदरिये नवी काळी चादर पांघरून लिफ्टमध्ये उभी राहिली. बरोबर उस्ताज, हियाम आणि मेंदीच्या डहाळ्यांची जुडी. सूर्य अजून पट्ट्यांवर आलेला नव्हता. असेल नसेल ते त्या सोळा सेलांवर. दार लागलं. पाचवा गेला. चौथ्यावर मदाम ओदेतनं काचेतून हात हलवला. तिसरा. दुसऱ्याच्या जवळ दिवा जरा मंद झाला आणि उस्ताजांनी डोळे मिटले. तळमजल्यावर दार उघडलं तेव्हा त्यांच्या हाताला आईची नखं रुतलेली होती. तीही घाबरली होती, पण ते तिनं मान्य केलं नाही.

कबरीवर हाज्जे बराच वेळ बसली. डहाळ्या लावल्या, माती थापटली. "रागावलात ना," एवढं तिनं हळू आवाजात विचारलेलं उस्ताजांनी ऐकलं. मग ते लांब जाऊन उभे राहिले. ते तिचं होतं, तिला एकटीला बोलू द्यायचं होतं.

परत आले तेव्हा उस्ताजांना नवी काळजी. बॅटरीत पाच-सहा टक्के उरलेले. ते म्हणाले, "यम्मा, जरा वेळ खोदरच्या दुकानापाशी टेक. ऊन वर आलं की भरते, मग लगेच वर नेतो."

खोदरनं खुर्ची टाकली. हाज्जे बसली. समोरून बेकरीवाल्याची बायको आली, ती "हाज्जे! तुम्ही?" करत गळ्यात पडून रडली. मग तिची सून आली. मग गल्लीतली मुलं रांग लावून आली, हाज्जेनं प्रत्येकाला ईदी दिली आणि प्रत्येकाला "तू कुणाचा?" विचारलं, दोन वर्षांत मुलं ओळखू न येण्याइतकी मोठी झाली होती. मदाम ओदेत मामूलची बशी घेऊन खाली उतरली. अबू दीब नवा शर्ट घालून आला आणि त्यानं हाज्जेच्या हाताचा मुका घेतला. कॉफी आली, दुसरी आली. कोण मेलं, कोण जन्मलं, कुणाची मुलगी कुठं दिली, दोन वर्षांचा हिशेब खुर्चीभोवती जमला.

उस्ताज गच्चीवर आकडा बघत होते. वीस, छत्तीस, पंचावन्न. दुपारी ते धापा टाकत खाली आले. कपाळाला घाम, पण चेहरा असा की बोर्डाच्या परीक्षेचा निकाल हातात आहे.

"यम्मा, झालं! सत्तर टक्के भरली. चल वर."

हाज्जेनं कॉफीचा कप बशीत ठेवला. गल्लीकडे एकदा पाहिलं, मग मुलाकडे.

"सत्तर?" ती म्हणाली. "शंभर होऊ दे."

उस्ताज तिच्या शेजारी पायरीवर बसले. खोदरनं त्यांच्या हातात कॉफी दिली.